३० गुंठ्यांत बांबूच्या किती जाती जगवाव्यात? (अंजनेरीजवळची जमीन)

मखमलाबादची

नमस्कार मंडळी.

आमची द्राक्षबाग मखमलाबादला आहे. त्याशिवाय अंजनेरीच्या पायथ्याला सासूबाईंच्या माहेराकडून आलेला एक तुकडा आहे. त्यातले ३० गुंठे उताराचे आणि मुरमाड, खालच्या अंगाला ओहोळ. पूर्वी तिथे नागली व्हायची, आता कोणी करत नाही. पावसाळ्यात उभं राहू देत नाही इतका पाऊस, आणि मार्चपासून ओहोळ ठणठणीत कोरडा.

तिथे बांबूच्या वेगवेगळ्या जाती जपायचं माझ्या डोक्यात आहे. तोडून विकायची लागवड नकोय. जातींचा जिवंत संग्रह आणि कडेला छोटी रोपवाटिका, म्हणजे ज्याला जी जात हवी त्याला तिचं रोप देता येईल. भारतात बांबूच्या १३६ जाती सांगतात, त्यातल्या १२५ इथल्याच. आपल्या नाशकात रोपं घ्यायला गेलं तर मात्र जिथेतिथे बालकोआ बांबूतली ‘भीमा’ ही एकच निवड: ‘भीमा आहे, घेऊन जा.’

एका रोपवाटिकेची छापील यादी हातात आली आहे. पिवळा, काळा, पोट सुटलेल्या पेरांचा, टुल्डा, अस्पर, ग्वाडुआ, अशी चाळीसेक नावं आहेत. यजमान म्हणतात, प्रत्येकी एक आण, लाव, पाट्या ठोक, झाला संग्रह. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगताही येत नाहीये.

शिवाय सासूबाईंचं म्हणणं, बांबू फुलला की दुष्काळ पडतो, घराच्या जमिनीत नको. त्यांना काय सांगू?

टोमॅटो_गिरणारे

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही टोमॅटोला दरवर्षी बांबू विकत घेतो. सरळ, हाताच्या अंगठ्याएवढा जाड आणि तीन हंगाम टिकणारा बांबू जो देईल त्याच्या दारात गाड्या लागतील. तुमचे पिवळे-काळे बघायला शाळेच्या सहली येतील, त्यांना चहा तुम्हीच पाजायचा. ३० गुंठे एकाच जातीचे लावा आणि मोकळ्या व्हा. हौसेला बंगल्याच्या दारात दोन कुंड्या पुरे.

रोपवाटिका_हरसूल

गिरणारेकर भाऊंचं गणित त्यांच्या जागी बरोबर आहे. ताईंनी विचारलंय वेगळंच.

ताई, आधी गुंठ्यांचा हिशेब करा. ३० गुंठे म्हणजे साधारण ३००० चौरस मीटर. मोठ्या बेटाला ७ मीटर अंतर धरलं तर साठेक जागा निघतात. वाट, वाफे, पाण्याची टाकी सोडून पन्नास. एवढंच तुमचं भांडवल. आता ह्या पन्नास जागांवर पन्नास जाती एकेक लावायच्या, की आठ जाती सहा-सहा गावांहून आणलेल्या? मी दुसरं करा म्हणतो, आणि ह्यावर कोणाशीही भांडायची माझी तयारी आहे.

कारण असं. बांबूचं एक बेट, मग त्यात शंभर काठ्या असोत, हे एकच झाड. सगळ्या काठ्या एकाच कंदातून पसरलेल्या. त्यामुळे आपल्या जंगलातल्या नेहमीच्या मानवेल बांबूचं एक बेट लावून ‘मानवेल जपला’ म्हणायला अर्थ नाही, मानवेलमधला एक जपला. पेठ तालुक्यात डोंगराच्या खांद्यावरच्या मानवेलची काठी जवळजवळ भरीव निघते, खाली ओढ्याकाठी तोच मानवेल पोकळ आणि उंच. ह्यातलं मातीमुळे किती आणि रक्तातलं किती, हे जंगलात उभं राहून सांगता येत नाही. दोन्हीकडचे आणून एका मुरमात शेजारी लावले आणि पाच-सात वर्षांनी दोन्हींच्या काठ्या कापून पाहिल्या तर कळतं. जिवंत संग्रहाचा खरा उपयोग हा. यादीतल्या चाळीस पाट्या हे सांगू शकत नाहीत.

तुमच्या जागी मी काय लावीन ते सांगतो. सगळ्यात जास्त जागा मानवेलला, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी, जमलं तर मेळघाटातून एखादा. वरचा उताराचा कोरडा भाग त्याचाच. खाली ओहोळाला काटस, बांबुसा बांबोस. त्याच्या काट्यांमुळे लोक तो काढून टाकतात, म्हणून शेताबांधावरची जुनी बेटं झपाट्याने चालली आहेत. तो कडेला लावा, गुरं आत येणार नाहीत. कुंपणाचा खर्च वाचतो.

मग माणगा. हा तळकोकणातला, बिनकाट्याचा, भरीव, काठी सरळ. शास्त्रातलं नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्साय. गिरणारेकर, तुमच्या टोमॅटोला हवा तो हाच. ह्याची गंमत अशी की हा कधीमधी फुलतो पण बी धरत नाही. म्हणजे बी डबीत घालून शीतपेटीत ठेवायची सोयच नाही. जिवंत बेट आणि त्याची कलमं, एवढंच त्याचं अस्तित्व. सिंधुदुर्गात शेतकऱ्यांनी परसात जपला म्हणून तो आहे. तीन-चार वेगळ्या गावांतून आणा, एकाच रोपवाटिकेतून दहा पिशव्या आणू नका. त्या दहाही एकाच आईच्या असायच्या.

सह्याद्रीचाच एक बारीक काठीचा बांबू आहे, मुनरोक्लोआ रिचिआय. बाहेर कुठे नाही, फक्त पश्चिम घाटात. अंजनेरीचा पाऊस त्याला मानवेल. (मानवेल जातीचा इथे संबंध नाही, वाचताना गोंधळू नका!)

बाहेरच्यांना आठ-दहा जागा द्या, त्याहून नको. बालकोआ, टुल्डा, पिवळ्या काठीचा व्हल्गॅरिस हे ओहोळाकडे जगतील. काळा घेताना विचारा कोणता. एक चीनकडचा फिलोस्टॅकिस, त्याचे कंद जमिनीखालून पळतात आणि नाशकाचा मे त्याला सोसत नाही. दुसरा जावा बेटाकडचा जायगँटोक्लोआ, तो बेट करून गुमान राहतो. दोघांनाही ‘काळा बांबू’ म्हणूनच विकतात. मिझोरामचा मेलोकॅना आणायचा मोह झाला तर भोवती चर खणा. त्याचे कंद लांब मानेचे असतात, तो बेटात राहत नाही, फिरायला निघतो.

पाणी: पहिले दोन उन्हाळे द्यावंच लागणार. उताराला समपातळी चर घ्या, बुडाशी बांबूचाच पाला घाला. तोच पाला वणव्यात पेटतो, म्हणून होळीच्या आधी चहूबाजूंनी जाळरेषा काढायची. डोंगरावर आग कोण लावतं हे विचारू नका, दरवर्षी लागते एवढं खरं.

मखमलाबादची

दादा, तुमचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘एक बेट म्हणजे एकच झाड’ ह्यावर ते गप्प झाले. द्राक्षवाल्याला हे लगेच कळतं, आमची अख्खी बाग थॉम्पसनच्या काडीवरच उभी आहे.

पण मग रोपवाटिकेचं काय? आईबेटं वाढायलाच चार-पाच वर्षं जातील ना? आणि सगळ्या जातींची कलमं सारखीच होतात का? सासूबाईंचा प्रश्नही राहिलाच आहे.

सुपाची_काठ

मी जुन्या नाशकातली, बुरुडाच्या घरातली. सासर-माहेर दोन्हीकडे हाच धंदा. तुमच्या चर्चेत बांबू वापरणारं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आम्हाला जात शास्त्रातल्या नावाने लागत नाही, काठी हातात घेतली की कळते. सुपाला पेर लांब हवं आणि काठी कोवळी, वर्ष-दीड वर्षाची. त्याच्या कामट्या सुरीखाली सरळ फाटत जातात. भरीव काठी सुपाला कुचकामी, ती शिडीला, लाठीला. टोपली, दुरडी, कोंबड्यांचं डालगं, कांदाचाळीचे तट्टे, प्रत्येकाचा माल निराळा. आणि तिरडी. ती कोणी यादीत लिहीत नाही पण सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक तेच.

आमच्या सासऱ्यांच्या काळात डांग-सुरगाण्याकडून ओला माल यायचा, त्यात निवडायला मिळायचं. आता व्यापारी आणतो ते घ्यायचं. बहुतेक वेळा जून, वाळलेला, पेर आखूड. चार तास भिजवूनही कामटी मध्येच तुटते. द्राक्षाच्या करंड्या प्लास्टिकच्या क्रेटने खाल्ल्या हे खरं, पण लग्नातलं सूप, अधिकमासातलं जावयाचं वाण, हे अजून आहे. माल नाही म्हणून आम्ही परत पाठवतो.

तेव्हा ताई, संग्रह करताना एक करा. कुठल्या बेटाची काठी कशी फाटते हे एखाद्या बुरुडाकडून तपासून वहीत लिहा. उंची-जाडी तर कोणीही मोजेल. पेर लांब, फाटायला मऊ, तट्ट्याला बरी, असं लिहिलेलं असलं की रोपवाटिकेत माणूस विचारून घेईल. मी येईन तपासायला. बस अंजनेरी फाट्यापर्यंत येते, पुढचं तुम्ही बघा.

हरसूलच्या दादांनी काटसाला कुंपणाला लावलं ते ठीक. पण त्याची काठी पायाडाला आणि मांडवाला चांगली चालते. नुसते काटे बघू नका.

नाशिकरोड_ते_बंगळूर

वनशास्त्र शिकलो, सध्या बंगळुरात. थोडी भर घालतो.

संग्रह बघायचे असतील तर केरळ गाठा. केरळ वन संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमजवळ पालोडची वनस्पती उद्यान संस्था, दोन्हीकडे बांबूंचे मोठे जिवंत संग्रह आहेत. इतकं लांब नको असेल तर अमरावतीला वडाळीचं बांबू उद्यान बघा, ते वनविभागाचं आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे कारागिरीचंही शिकवतात. परदेशातलं जुनं उदाहरण म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं आंद्यूझ. तिथला बांबूबाग १८५६ साली एका हौशी माणसाने सुरू केला, आजही चालू आहे. हौसेला कमी लेखणाऱ्यांसाठी सांगितलं. 😀

आता मुद्द्याचं. बांबू ओळखायचा कसा? इतर झाडं फुलावरून ओळखतात, बांबूचं फूल बघायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. म्हणून आम्ही कोंबावरचं आवरण बघतो. श्रावण-भाद्रपदात नवा कोंब वर येतो तेव्हा प्रत्येक पेराला एक जाड खपली असते, ती पुढे गळून पडते. काठीच्या मधल्या भागातली एक अखंड खपली काढा, वर्तमानपत्रात दाबून वाळवा. तिचं पातं सरळ उभं आहे की मागे दुमडलेलं, कडेला कानासारखे भाग आहेत का, पाठीवर लव काळी की तपकिरी, ह्यावरून जात बरीचशी ठरते. प्रत्येक बेटाची एक खपली आणि ताज्या कोंबाचा फोटो ठेवलात तर विकणाऱ्याने कुठलंही नाव सांगितलेलं असो, खरं काय ते दोन-तीन पावसाळ्यांत बाहेर येईल. पिशवीतलं वीतभर रोप बघून मात्र नवखा माणूस मानवेल आणि काटससुद्धा वेगळे सांगू शकत नाही.

माझ्या मामांनी एका रोपवाटिकेतून मानवेल म्हणून शंभर रोपं नेली होती. दोन वर्षांनी शेतात काट्यांचं साम्राज्य. आता मामी त्या बाजूला जात नाहीत.

बाहेरदेशातून कोणी मित्र सामानातून कंद आणून देतो म्हणाला तर साफ नको म्हणा. वनस्पती विलगीकरणाचे नियम आहेत, परवाना लागतो. आणि ते बरंच आहे, रोग-किडी अशाच येतात.

रोपवाटिका_हरसूल

बुरुडताईंनी लाख मोलाचं सांगितलं. काठी फाडून बघायची नोंद माझ्याही वहीत नाही, ह्या माघात सुरू करतो.

कलमांचं. सगळी सारखी होत नाहीत. माणगा, बालकोआ, पिवळा, अस्पर हे काठीच्या छाटावर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन वर्षांच्या काठीचे दोन डोळ्यांचे तुकडे करायचे, मधल्या पेराला भोक पाडून त्यात मुळं फुटायचं संजीवक ओतायचं. केरळवाल्यांची पद्धत एनएए ह्या संजीवकाच्या १०० पीपीएम (लिटरला १०० मिलीग्रॅम) द्रावणाची आहे. भोक बंद करून तुकडा वाफ्यात आडवा पुरायचा आणि ओल मोडू द्यायची नाही. पावसाळ्यापर्यंत मुळं धरतात. मानवेल ह्यात रुसतो. त्याला बी किंवा कंद. बी मिळालं तर सोनं, किलोत साधारण ३० हजार दाणे, अगदी भातासारखे. पण उघड्यावर ठेवलेलं बी काही महिन्यांतच उगवण हरवायला लागतं, म्हणून हाती आलं की पेरायचं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्याला आधार आहे. मिझोराममध्ये मेलोकॅना साधारण ४८ वर्षांनी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो. फळं पडतात, ती खाऊन उंदीर माजतात, आणि फळं संपली की तेच उंदीर शेतातल्या भातावर तुटून पडतात. १९५९ साली तिथे असाच दुष्काळ पडला, पुढचा फुलोरा २००६ ते २००८ च्या सुमारास आला. म्हणजे बांबूने पाऊस अडवला नाही, उंदीर वाढवले. तुमच्या पन्नास बेटांनी काही होणार नाही. तरी त्यांना घेऊन जा जमिनीवर, पहिला कोंब त्यांच्या हातून लावा.

तुमच्या संग्रहाला मात्र फुलोऱ्याचा धोका आहे. मानवेल आणि काटस एकदा भरभरून फुलले की बेट मरतं. आणि कलमाचं वय आईचंच. चाळीस वर्षांच्या बेटाचा कंद तुम्ही आज लावला तरी तो आतून चाळीस वर्षांचाच असतो, आई फुलली की बहुतेक तोही फुलणार. ऊतीसंवर्धनाची हजार रोपं एका आईची असतील तर हजारही एकदम जातील. टिशू कल्चर वाईट नाही, कारखान्याला एकसारखा माल लागतो, त्याला ते बरं. संग्रहाला नाही. म्हणून मानवेलची बेटं वेगवेगळ्या साली पडलेल्या बियांची असावीत, एक पिढी गेली तर दुसरी उभी. फुललं की बी गोळा करा, खाली उगवलेली रोपं पिशवीत घ्या, त्यांना नवा क्रमांक द्या. आईचा क्रमांक लेकीला लावू नका, दोघींत फरक असतो.

नोंदीचं थोडक्यात. पाटी काठीला तारेने बांधू नका. तीन-चार वर्षांनी ती काठी तोडणार, पाटी तिच्याबरोबर जाणार. बेटाच्या वरच्या अंगाला सिमेंटचा खुंट पुरा, त्यावर क्रमांक कोरा. वहीत गाव, शिवार, कोणाच्या बांधावरून, तारीख, आई बियांची की कंदाची. नकाशाच्या तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. प्रत्येक आईची दोन रोपं दुसऱ्या कोणाच्या जमिनीत. वणवा, पूर, भाऊबंदकी, काय कधी येईल सांगता येत नाही.

कायद्याचं पण. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ ह्या व्याख्येतून काढला, त्यामुळे शेतातल्या बांबूची कटकट पूर्वीसारखी राहिली नाही. पण जंगलातून कंद उचलायचा तर वनविभागाची परवानगी, आणि पेठ-सुरगाण्यात जिथे सामूहिक वनहक्क मिळालेत तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बांबू गौण वनउपजात (वनहक्क कायद्याने गावाला दिलेल्या जंगलातल्या मालात) येतो, हक्क त्यांचा आहे. मी नेहमी बांधावरची आणि परसातली बेटं आधी बघतो. म्हाताऱ्यांना विचारलं की तेच सांगतात कुठून आणलं होतं.

टोमॅटो_गिरणारे

बरं मंडळी, मी मागे हटतो. माणग्याची शंभर कलमं मला पाहिजेत, नाव लिहून ठेवा.

आणि ताई, आमच्या विहिरीजवळ काटसाचं एक बेट आहे, आजोबांच्या आधीपासूनचं. जेसीबीवाला सांगून ठेवलाय, जागा ठिबकच्या टाकीला हवी आहे. कंद हवा असेल तर आत्ताच येऊन न्या?

रोपवाटिका_हरसूल

भाऊ, आत्ता नको, पौषात काढलेला कंद उन्हाळा पार करत नाही. टाकी मे अखेरपर्यंत थांबवा. मृगाच्या तोंडावर बेटाच्या बाहेरच्या बाजूची वर्षभराची काठी कंदासकट काढायची, वर चार-पाच पेरं ठेवून छाटायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी अंजनेरीला पोचवायची. चार कंद काढा, दोन ताईंना, दोन मला. जेसीबी येण्याआधी आजोबांनी ते कुठून आणलं होतं तेवढं घरात विचारून ठेवा.

मखमलाबादची

टाकीचे प्लास्टिक बॅरल आमच्याकडे दोन पडून आहेत, जूनपर्यंत वापरा भाऊ. गाडी मी पाठवते. हरसूलचे दादा, सिमेंटच्या खुंटाचा साचा तुमच्याकडे असेल तर त्याचं माप टाका.